गालावरचा खवला

पाचूबंदर, वसई
१३ ऑक्टोबर २००२

प्रिय बाय,

बाटली पोचली. 'एक थेंब पुरे' ही तुझी चिठ्ठीही पोचली, पण ती तू खजुराच्या डब्यात तळाला घातलीस आणि बाटली वरच टॉवेलात गुंडाळलीस. आता आधी बाटली हाताला लागणार की चिठ्ठी? म्हणून पुढे जे घडलं त्यात अर्धा दोष तुझा, हे आधीच सांगून ठेवते.

एवढीशी बाटली, झाकणाला आतून ब्रश, आत मोतिया रंगाचं पातळ काहीतरी. कुणीही नेलपॉलिशच म्हणेल. पापडीत स्वतःचं पार्लर चालवणारी, येईल त्या गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवणारी तुझी धाकटी बहीण ते दहाही नखांना लावून फुंकर मारत बसली. वाळेचना. बाबा जाळं विणत होता, तो मान वर न करता म्हणाला, "फॅन लाव." फॅन लावला. तरी वाळेना. शेवटी कंटाळून खजुराचा डबा ताटात ओतला तेव्हा चिठ्ठी पडली. नखांना नाही, गालाच्या हाडावर. हायलायटर म्हणतात. पावडरच्या आधी. बोटाच्या टोकाने, हलक्या हाताने.

मग लावलं. एक थेंब नाही, दोन्ही गालांवर ब्रशचे चांगले तीन-तीन फटकारे, कारण समुद्र ओलांडून आलेली वस्तू हात आखडून कशाला वापरायची. आरशात माझे गाल असे चमकत होते की मी तशीच मागच्या दारी गेले, कुणीतरी बघावं म्हणून.

आय नुकतीच बाजारातून आली होती. टोपली उतरवून पाय धूत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पदराचं टोक तांब्यात बुडवलं, माझी हनुवटी धरली आणि गाल खसाखसा पुसायला लागली.

"मासली मी इकते नि खवलं तुझे गालाव."

"आय, खवला नाही तो."

"मना शिकवते खवला. ह्या पन गालाव हाय. उभी ऱ्हा."

दोन्ही गाल सोलून काढले. नाकावर आहेत का तेही पाहिलं. मग तिचं लक्ष पदराकडे गेलं. पदर चमकत होता आणि त्याला मासळीचा वास नव्हता, गुलाबाचा होता. तिने तो दोनदा हुंगला.

"कुठून आला ह्यो?"

"मस्कतहून."

आयने टोपली उचलली आणि आत गेली. तुझं नाव निघालं की ती अशीच काहीतरी उचलून आत जाते, आता आम्हाला सवय झाली आहे. पण जेवताना तिने विचारलं, "बाटली फुटली नाय ना येताना?" बाटली कुणी पाठवली, ते विचारलं नाही.

आता खरी बातमी. पापडीचा आग्नेल तुला आठवत असेल, केळीच्या बागा करणाऱ्या वाडीवाल्यांचा, शाळेत माझ्या पुढे एक वर्ष होता. आता तो लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. त्याच्या घरच्यांनी मागणी घातली आणि आय हो म्हणाली. होडीत पाय ठेवला की त्याला उलटी होते, हे कळल्यावरही हो म्हणाली. बाबाला तर आधी खरंच वाटेना. तू थॉमसला नाही म्हणालीस आणि साखरपुडा मोडून मस्कतला गेलीस तेव्हा आयने केवढं घर डोक्यावर घेतलं होतं. मला वाटतं, त्याच वेळी तिचा सगळा राग खर्च झाला. माझ्या वाट्याला उरलाच नाही.

लग्न ९ फेब्रुवारीला, उपवासकाळाच्या आधी. तू यायचं आहेस. हे मी विचारत नाहीये. फोन आयच्या खाटेशेजारी असल्यामुळे त्यावर काही बोलता येत नाही, म्हणून पत्रात भांडते आहे.

तुझी,
ग्रेसी

(गाल अजून लाल आहेत.)


पाचूबंदर
१७ नोव्हेंबर २००२

प्रिय बाय,

पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस, त्यात सलूनमधल्या अरबी बायका, नवीन खोली, मांजर, सगळं आलं. आणि शेवटी एक ओळ: आयने स्वतः बोलावलं तर येईन.

मी त्याच संध्याकाळी आयला विचारलं. ती सोडे निवडत होती.

"मटिल्डाला बोलवायचं का लग्नाला?"

"मी कोनला येऊ नको बोलले?"

"बोलली होतीस. या घरात पाय ठेवू नको, असं बोलली होतीस. सगळ्या आळीने ऐकलं."

"तवा बोलले. आता काय बोलले?"

"मग ये म्हणून सांगू?"

"मी ये बोलले का तुना?"

झालं. ती सोड्यांकडे वळली. थॉमसचं लग्न होऊन त्याला दोन मुलं झाली, पोट सुटलं, परवा त्याने मला 'मटिल्डा कशी आहे' म्हणून हसत विचारलं. ज्याचा साखरपुडा मोडला तो सगळं विसरला, फक्त तू आणि आय विसरायला तयार नाही. दोघींच्या मध्ये मी उभी आहे आणि मला दोघींचाही राग येतो. तू येणार नसलीस तर त्या दिवशी मला कुणी तयार करायचं? मी सगळ्या वसईच्या नवऱ्या सजवते, आणि माझ्या वेळी मी एकटीच आरशापुढे बसू? विचार कर जरा.

बाटलीचं सांगते. बोळिंजची प्रीतल नावाची मुलगी माझ्याकडे नवरीच्या मेकअपसाठी आली आहे. नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहते, मुंबईत नोकरी करते, रंगाने आपल्यासारखी. तिला मासिकातल्या फोटोसारखे गाल हवे होते. म्हटलं, अगं, आहे की आपल्याकडे. ट्रायलच्या दिवशी मी फाउंडेशन लावलं, वर पावडर लावली आणि पावडरीवर तुझं मोतिया लावलं. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, कुठे काही कमी पडायला नको म्हणून सगळीकडे. पावडरीवर लावल्यावर त्याचे गोळे झाले. ते पसरवायला गेले तर खालचं फाउंडेशनही उठून आलं.

तेवढ्यात आग्नेल आला. त्याने हॅलोजन लावला आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात मला दाखवलं.

"ग्रेसी, हिचं नाक कुठे गेलं?"

खरंच नव्हतं. सगळा चेहरा एकसारखा पांढरा, मधे दोन डोळे. प्रीतलने पाहिलं आणि मला वाटलं आता रडणार, पण ती हसायला लागली, आणि ती हसली म्हणून मी हसले, आणि आग्नेलने तेही शूट केलं. मी त्याला ती कॅसेट पुसायला लावली आहे. पुसली नसणार.

उन्हात आणून पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळली. ही मोतिया छटा गोऱ्या मडमांसाठी आहे. आपल्या सावळ्या गालावर ती राखेसारखी दिसते. आयने प्रीतलला पार्लरच्या दारातून जाताना पाहिलं आणि म्हणाली, "ही पोर आजारी हाय का?"

तर मला दुसरी बाटली पाठव. सोनेरी किंवा तांबूस, पिकल्या आंब्याच्या सालीवर असते तसल्या रंगाची. दुकानात मनगटावर लावून बघू नकोस, मनगट आपलं गालापेक्षा उजळ असतं. गालावर लाव आणि दुकानाच्या बाहेर, उजेडात ये. तुझा आणि माझा रंग एकच आहे, तुला शोभेल ते मला शोभेल. प्रीतलचं लग्न डिसेंबरच्या मध्यावर आहे, त्याआधी पोचव.

रजेचा अर्ज देऊन ठेव. द्यायला काय जातं?

तुझी,
ग्रेसी


पाचूबंदर
२७ डिसेंबर २००२

प्रिय बाय,

हॅपी ख्रिसमस. तुझ्या गास गावच्या मैत्रिणीचा भाऊ सोनेरी बाटली वेळेवर घेऊन आला. त्याला चहा दिला, आपले तळलेले फुगे खायला दिले, आणि तू कशी दिसतेस ते विचारलं. "बारीक झालेय," तो म्हणाला. आय आतून म्हणाली, "कोन बारीक झाली?" मी म्हटलं, "त्याची बहीण." आता ती त्याच्या बहिणीला डिंकाचे लाडू पाठवते म्हणते. काय करू सांग.

प्रीतलचं लग्न झालं. बाय, जमलं. या वेळी मी घाई केली नाही. आधीच्या रविवारी स्वतःवर, आग्नेलच्या आईवर आणि पार्लरच्या समोरच्या दुकानदारणीवर, तिघींवर करून पाहिलं. तू चिठ्ठीत एका ओळीत लिहिलं होतंस ते मला तीन तोंडं रंगवल्यावर समजलं. आधी ओलं, मग कोरडं. फाउंडेशन ओलं असतानाच एक थेंब हाताच्या मागच्या बाजूला घ्यायचा, करंगळीशेजारच्या बोटाने उचलायचा, कारण त्या बोटाला जोर नसतो, आणि गालाच्या हाडावर नुसता टेकवत जायचा. घासायचा नाही. हसायला लावायचं नाही, हसल्यावर गाल फुगतो आणि खूण खाली जाते. नाकाच्या दांडीवर बोटावर उरलेलं तेवढं, वरच्या ओठाच्या खळीवर त्याहून कमी. कपाळाला अजिबात नाही, कपाळाला आपल्या हवेत घामच पुरतो. मग पावडर, तीही चमक सोडून आजूबाजूला.

हॅलोजनखाली प्रीतल वळली की गालावर उजेड सरकायचा आणि ती स्थिर बसली की काहीच दिसायचं नाही. तिच्या सासरच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, हिने लावलंय काय? 'काही नाही हो, तिची कांतीच तशी आहे,' मी म्हटलं. एवढं खोटं बोलून मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. आग्नेल कॅमेऱ्यामागून अंगठा दाखवत होता आणि नवरदेव त्याला म्हणत होता, 'भाऊ, माझ्याकडे पण बघा.'

आता नाताळचं ऐक, आणि खुर्चीत बसून ऐक.

सकाळच्या मिस्साला आम्ही तिघं निघालो. आयने ती निळी साडी नेसली, केसात अबोली माळली. मी तिच्या उजव्या बाजूला चालत होते. ऊन तिरपं होतं. आणि बाय, आयच्या गालावर काहीतरी चमकलं.

मला आधी वाटलं घाम. मग नीट पाहिलं. एक थेंब, बरोबर हाडावर, बरोबर पसरलेला. माझ्यापेक्षा बरा. ही बाई मी प्रीतलला लावत होते तेव्हा पार्लरच्या दारात टोपली घेऊन बसली होती, 'ऊन लागते म्हून बसले' म्हणाली होती. ती सगळं पाहत होती.

मी रुमालाचं टोक ओलं केलं, तिची हनुवटी धरली आणि म्हटलं, "आय, खवला लागलाय गालाव."

तिने माझ्या हातावर फटका मारला. "ऱ्हाऊ दे. खवला कंचा नि काय कंचा ते मना समजते."

"मग काय आहे ते?"

"तुना ठाव हाय ना? मंग गप चाल."

बाबाने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. मिस्सामध्ये शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली तेव्हा आयने माझा हात जरा जास्त वेळ धरला. तू पाठवलेली वस्तू तिने गालावर लावून देवळात नेली, याचा अर्थ मी तुला समजावून सांगणार नाही. तू तिचीच मुलगी आहेस, तुलाही सगळं समजतं आणि तूही समजत नसल्यासारखं करतेस.

अर्ज दिलास का?

ग्रेसी


पाचूबंदर
१२ जानेवारी २००३

बाय,

हे पत्र कुरियरने टाकते आहे, म्हणजे वाचल्यावर फार विचार करायला तुला वेळ मिळणार नाही.

काल माझी स्वतःची ट्रायल होती. घरीच केली. आय समोर बोंबील साफ करत बसली होती, बाबा दारात होता. मी आरसा भिंतीला टेकवला, फाउंडेशन लावलं आणि सोनेरी बाटली उघडली.

काय सांगू. एक गाल वर गेला, एक खाली आला. नाकावर पट्टा उठला. पुसलं, पुन्हा लावलं, तर उजवीकडे ओठाजवळ एक ठिपका पडला तो पसरेचना. हात नुसता थरथरत होता. स्वतःच्या लग्नाची धास्ती असेल, दुसरं काय. तिसऱ्या वेळेला मी बाटली बाजूला ठेवली आणि म्हटलं, "मला नाही जमत. मी आपली पावडर लावून उभी राहीन."

आयचे हात थांबले.

"प्रीतलला तर जमला."

"दुसऱ्याला लावणं वेगळं गं आय. स्वतःच्या तोंडाला होत नाही."

"मंग दुसऱ्या पार्लरवालीला बोलव."

"तिला ही बाटली कुठे माहितीये? वसईत कुणालाच माहिती नाही."

आयने दोन बोंबील साफ केले. मग तिसरा हातात धरून, माझ्याकडे न बघता, ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, त्यात माझा एक शब्द नाही:

"जिनी बाटली धाडली तिलाच येऊन लाव बोल."

वाचलंस? पुन्हा वाच. मी दारातल्या बाबाकडे पाहिलं, त्यानेही ऐकलं होतं. तो साक्षीदार आहे. तो जाळं बाजूला ठेवून म्हणाला, "विमानतलाव मी जाईन." त्यावर आय काय म्हणाली असेल? मला वाटलं आता टोपली उचलून आत जाणार. ती म्हणाली, "जीप घेऊन जा. तिचा सामान आसंल."

बाय, आयच्या तोंडून याहून मोठं आमंत्रण निघणार नाही. निघालं तर ती आपली आय नव्हे. तू पाच वर्षं ज्याची वाट बघत होतीस ते हेच आहे, फक्त ते तुला हवं त्या शब्दांत आलेलं नाही. तुझ्या पत्रात 'बोलावलं तर' होतं. बोलावलं आहे. आता तुझ्याकडे सबब नाही.

मला माझे गाल तुझ्या हातून हवे आहेत. तू नसलीस तरी लग्न होईल, बँड वाजेल, लोक जेवतील, आणि मला आयुष्यभर त्या दिवसाचा एकही फोटो आवडणार नाही. तू मला अगदी पहिल्यांदा पावडर लावली होतीस, पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, आठवतं? भुतासारखी दिसत होते. तरी तो फोटो मी पार्लरमध्ये लावला आहे.

तिकीट काढ आणि फोन कर. आय फोन उचलेल. तिला तारीख सांग. दुसरं काही बोलू नकोस, नाहीतर पुन्हा भांडाल.

ग्रेसी


पापडी
११ फेब्रुवारी २००३

प्रिय बाय,

तू इथून जेमतेम पाऊण तासाच्या वाटेवर आहेस, पाचूबंदरला, माझ्याच खाटेवर लोळत असशील, आणि मी तुला पत्र लिहिते आहे. आग्नेल हसतोय. तो संध्याकाळी आयला कॅसेट द्यायला येणार आहे, त्याच्या हाती हे देते. काही गोष्टी तोंडाने सांगायला गेले तर तू मधेच बोलतेस.

आधी कॅसेट. ती एकट्याने बघू नका, बाबाला घेऊन बसा. स्टेजवर आशीर्वादाची रांग लागते तिथे पुढे-मागे न करता सावकाश बघा. पहिली येते अर्नाळ्याची मावशी. माझा मुका घेते, मागे सरकते, डोळे बारीक करते, आणि पदराने माझा डावा गाल पुसते. मग तिची जाऊ. तीही. मग बाबाच्या बहिणी, एकीमागून एक, सगळ्या मासळीवाल्या, सगळ्यांचा हात आपोआप पदराकडे जातो. "खवला हाय गो पोरी, नवरीच्या गालाव बरा नाय दिसत." आणि त्यांच्या मागे तू, माझ्या पांढऱ्या झग्याचा घोळ सांभाळत, ती बाटली घेऊन. एक मावशी पुसून उतरली की तू एक थेंब टेकवतेस, पुढची चढते. आग्नेलच्या वाडीवाल्या नातेवाइकांना वाटत होतं की ही आमच्या कोळ्यांची काही रीत आहे. त्याच्या एका आत्याने तर स्वतःचा रुमाल काढून रांगेत उभं राहून माझा गाल पुसला, रीत मोडायला नको म्हणून. ते दृश्य कॅसेटमध्ये आहे. आग्नेल नवरा असूनही मित्राच्या हातातल्या कॅमेऱ्याला 'झूम, झूम' करून खुणा करताना दिसतो.

आणि मग आय स्टेजवर चढते. आवाज बँडमध्ये नीट येत नाही, पण मी शेजारीच होते. ती माझ्यापुढे हात आडवा धरून उभी राहिली आणि सगळ्या रांगेला म्हणाली, "हात नका लावू कोनी. खवला नाय तो, मस्कतचा हाय. माझ्या मोठीनं लावलाय."

माझ्या मोठीनं. तू तेव्हा बाटलीचं झाकण शोधत खाली वाकली होतीस. ऐकलंस की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आता दुसरं. जानेवारीत मी तुला लिहिलं की माझा हात थरथरत होता. माझा हात कधी थरथरला आहे? भर मे महिन्यात, लाइट गेलेली असताना, मी नवरीच्या डोळ्यांना लायनर लावते. ती ट्रायल मी मुद्दाम बिघडवली, तिन्ही वेळा. ओठाजवळचा ठिपका तर फार विचार करून टाकला होता. आधी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आयने मनापासून बोलावलंच नाही, ग्रेसीने बोलावून घेतलं. आता बस रागावून, आता तू आली आहेस. वाईट एवढंच वाटतं की सोनेरी बाटलीतलं चांगलं चार लग्नांचं वाया गेलं.

आणि आता गुरुवारचं. त्या दुपारी तू तिथेच होतीस, पण तुझे डोळे भरलेले होते आणि बाबा मागून सामान घेऊन ढकलत होता, त्यामुळे तुला नीट काही दिसलं नसणार. मी आतून पाहत होते. जीप थांबली. तू उतरलीस, मस्कतहून निघताना केलेला मेकअप तसाच होता, गालावर तीच सोनेरी रेघ. आय दारात होती. तिने सकाळपासून तीन साड्या बदलल्या होत्या आणि शेवटी रोजचीच नेसली होती. तू उंबऱ्याच्या बाहेर थांबलीस. ती आत. माझ्या मनात आलं, आता यातल्या एकीने तोंड उघडलं तर भांडणच निघणार.

मग आय पुढे झाली. तिने तुझी हनुवटी धरली.

"खवला लागलाय गो तुझे गालाव," ती म्हणाली, आणि अंगठ्याने तुझा गाल पुसला.

तू म्हणालीस, "आय, मी विमानातून आले. खवला कुठून लागणार?"

"हितलाच आसंल," आय म्हणाली. "ऱ्हायला आसंल तवाचा."

आणि तू उंबऱ्याच्या आत आलीस, आणि मग रडणं, बाबाच्या पायावर पडलेली बॅग, शेजारणी, चहा, सगळं एकदम सुरू झालं.

बाय, ही तीच आय, जिने नाताळला स्वतःच्या गालावर तो थेंब लावला होता आणि मी पुसायला गेले तर माझ्या हातावर मारलं होतं. खवला कोणता आणि काय कोणतं ते तिला समजतं. तुझ्या गालावर खवला नव्हता हे तिला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिला फक्त तुझ्या तोंडाला हात लावायचा होता, आणि पाच वर्षांनी हात लावायला काहीतरी निमित्त हवं होतं.

तू शेजारणींच्या गराड्यात होतीस तेव्हा ती चहाला पाणी ठेवायला आत आली. मी दुधाचं पातेलं घेऊन तिच्या मागे होते, तिला दिसले नाही. तिने चूल पेटवली, आधण ठेवलं आणि हात धुवायला नळ सोडला. मग तो तसाच बंद केला. अंगठ्यावर तुझी सोनेरी चमक होती. तिने ती थोडा वेळ उजेडात धरून पाहिली, आणि मग अंगठा हळूच, न घासता, नुसता टेकवत, स्वतःच्या गालावर लावला.

मी पातेलं घेऊन बाहेर आले. तू विचारलंस, चहा कुठे आहे, आणि मी म्हटलं, आय आणतेय, जरा थांब.

रविवारी दोघी जेवायला इकडे या. आग्नेलच्या आईने तुझ्याकडून गाल करून घ्यायचं ठरवलं आहे, बाटली घेऊन ये.

तुझी,
ग्रेसी